पलंगाखालची फरशी

३ मार्च, मंगळवार

हिशेबाची वही पुढून भरत येते आणि मागची पानं दर वर्षी कोरीच जातात. कोरं पान वाया घालवणं जिवावर येतं, म्हणून आजपासून मागून लिहायला घेतलं. पुढून घरखर्च, मागून मी. मधे गाठ पडेल तेव्हा वही संपेल.

लिहायचं कारण एवढंच की बोलायला कोणी नाही. सासूबाईंना जाऊन काल महिना झाला. आले-गेले थांबले. घरात आम्ही दोघंच, आणि हे तर मिठाची गुळणी धरल्यासारखे गप्प.

मनात आहे ते एकदा लिहून टाकते. बारा जानेवारीला सकाळी सासूबाई पलंगावरून उतरल्या, पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. तीन आठवडे हॉस्पिटलात काढले आणि गेल्या. पडल्या ती जागा ओली होती. या घरातली फरशी मी पुसते. एकतीस वर्षं मीच पुसते, गुडघ्यांवर बसून, हाताने, फडकं दोनदा पिळून. हॉस्पिटलात वन्संनी विचारलं, "आई, पडलीस कशी गं?" वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहतात. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सुनेनं फरशी ओली ठेवली." म्हणताना त्यांनी ह्यांचा हात घट्ट धरला होता. लेकावर जीव फार. हे खिडकीबाहेर बघत राहिले.

मरणाच्या दारातलं माणूस खोटं बोलत नाही. म्हणजे माझ्या हातून झालं. देवा, मी कबूल करते. पण ह्यांनी एकदा तरी म्हणावं, "असू दे, मुद्दाम थोडंच केलंस." तेवढंसुद्धा नाही. जिवंत असेन तोवर हे एक वाक्य मला हवं आहे.

६ मार्च, शुक्रवार

सकाळी गॅलरीत करवतीचा आवाज. हे पत्रा कापत होते. चौतीस वर्षं कारखान्यात फिटर होते, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी हत्यारं तेल लावून जागच्या जागी. मी विचारलं, "काय चाललंय?"

"पुसणं करतोय."

"कसलं?"

"फरशीचं. दांड्याचं. खाली बसायला नको, वाकायला नको." मग पत्र्याची कड अंगठ्याने चाचपत म्हणाले, "आणि फरशी ओली राहायला नको."

मी स्वयंपाकघरात येऊन कांदा चिरायला घेतला. कांद्याचं एक बरं असतं.

महिन्याभरात पहिल्यांदा आपण होऊन काही बोलले, आणि बोलले ते हे.

११ मार्च, बुधवार

पहिलं पुसणं तयार झालं. खाली हातभर लांब, वीतभर रुंद अशी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, तिला दाराची बिजागरी, बिजागरीला दांडा. पट्टीला गुंडाळायला जुना टॉवेल मागितला. "जुना म्हणजे किती जुना?" मी म्हटलं. माझ्या घरात टॉवेल आधी टॉवेल असतो, मग पायपुसणं, मग फडकं, आणि मगच त्याला मोक्ष. पायपुसण्याच्या वयाचा एक दिला.

पुढे-मागे झकास चालतं. पण डावीकडे वळवायला गेलं की अख्खी पट्टी उचलली जाते आणि कड फरशीवर करकरते. सासूबाईंच्या पलंगाच्या पायाशी अडकलं ते अडकलंच. हे पोटावर झोपून बघत होते. "मान वळत नाही," म्हणाले. "दाराला वळायची गरज नसते. ह्याला आहे."

दिवाणखान्यात मारून बघा म्हटलं, एवढी मोकळी जागा आहे. नाही. त्यांना पलंगाखालीच मारायचं. "अवघड जागा तीच," म्हणाले. "तिथं जमलं की सगळीकडे जमेल."

त्या खोलीत जाताना चप्पल घालून जातात हल्ली. घरात.

१९ मार्च, गुरुवार

पलंगाखालच्या जागेबद्दल माझ्याकडून एक लिहायचं राहिलं. ते खरं म्हणजे कबुलीतच यायला हवं.

माझे गुडघे दीड वर्षापूर्वी गेले. बाकी फरशी कशीबशी होते, पण पलंगाखाली आडवं पडून हात घालावा लागतो. ते आधी दिवसाआड केलं, मग चार दिवसांनी, मग सोडूनच दिलं. ह्यांना गुडघ्यांचं सांगितलं नाही, उगाच डॉक्टर आणि गोळ्या. पण सासूबाईंची नजर घारीची. म्हणाल्या, "सुनेचा देव पलंगाखाली राहत नाही वाटतं." हे तिथेच पेपर वाचत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवाला म्हटलं, गुडघे नाही तर नाही, माझी जीभ तर चालते. सकाळच्या आठ माळांच्या अकरा केल्या.

आणि गेल्या जुलैपासून सासूबाईंचं बोलणं थांबलं! पलंगाखालचा प चुकूनही नाही. उलट एकदा माझ्याकडे बघून गालात हसल्या. एकतीस वर्षांत जे झालं नाही ते तीन जादा माळांनी केलं. नामाचा गुण, दुसरं काय. रोज त्याबद्दल हात जोडत होते मी. सात महिने.

दुसरं पुसणं आज मोडीत निघालं. स्कूटरच्या आरशाचा गोळ्याचा सांधा बसवला होता. ते भलतंच मोकळं. दांडा उचलला की पट्टी गरकन फिरून पालथी. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या लेथवाल्याकडून सांध्याला खाच मारून घ्यायची होती, मी दळण टाकायला निघाले म्हणून सोबत गेले. लेथवाला हसरा माणूस. पुसणं हातात घेऊन म्हणाला, "काका, हे आमच्या हिला नेऊन दिलं ना, तर म्हणेल, आधी तुम्ही मारून दाखवा!"

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. ह्यांच्याकडे पाहिलं तर चेहरा पांढराफटक. "खाच दोन सूत खोल मार," एवढं म्हणून बाहेर जाऊन उभे राहिले.

२७ मार्च, शुक्रवार

माळ्यावरचं आवरलं. सुटकेसच्या मागे एक जुनी झाडूची काठी सापडली, टोकाला तारेने फडकं बांधलेलं, वाळून लाकडासारखं कडक झालेलं. फडकं माझ्या निळ्या परकराचं. तो परकर मी गेल्या उन्हाळ्यात फाडला होता आणि अर्धा तुकडा मिळत नव्हता. घरातली वस्तू हरवली की मला चैन पडत नाही. बरं झालं, सापडला.

ह्यांना दाखवलं. "अहो, हा तुमचा अगदी पहिला नमुना का? माझ्या परकराचा तुकडा लांबवलात होय!"

हातातून काठी घेतली. तार सोडवायला गेले, सुटेना, तर काठीच गुडघ्यावर मोडली आणि खाली कचऱ्यात टाकून आले. चांगली काठी होती. वेलाला आधार झाला असता.

जेवले नाहीत. माणूस वस्तूवर असा राग काढतो तेव्हा तो कोणावरचा असतो हे बायकोला कळतं. माझ्यावरचाच.

२ एप्रिल, गुरुवार

आज चांगला दिवस गेला. लिहिताना अपराध्यासारखं वाटतं, पण गेला.

तिसऱ्या नमुन्याला ह्यांनी दोन बिजागऱ्या एकावर एक बसवल्या, एक आडवी एक उभी, फुलीसारख्या. म्हणाले, ट्रकच्या खाली असाच सांधा असतो. आता मान चारी बाजूंना वळते. पण नवीनच दुखणं: पुढे ढकललं की पट्टीचं नाक फरशीत रुततं आणि मागची बाजू उचलते. चार दिवस डोकं धरून बसले होते.

मी कपड्यांना इस्त्री करत होते. म्हटलं, "इस्त्रीची मूठ ह्या सांध्यासारखी वीतभर वर असती तर तीही नाक खुपसून पडली असती. जोर खालून लागला पाहिजे."

माझ्याकडे पाहिलं. मग इस्त्रीकडे. "बटण बंद कर," म्हणाले, आणि गरम इस्त्री उलटसुलट करून बघायला लागले. दोन तासांत सांधा उतरवून पट्टीला खोबण पाडून आत बसवला, जवळजवळ फरशीच्या अंगाला. आणि बिजागरीच्या मधे नळाचे रबरी वायसर घातले, म्हणजे मान गळून पडत नाही. ठेवाल तशी राहते, मनगट वळवाल तशी वळते. दांडा आडवा केला की सगळं मिळून चार बोटं उंची. पलंगाखाली सरपटत गेलं आणि पायाला वळसा घालून परत आलं, मांजरासारखं.

"मॅट्रिक पास बाई आहे माझी," म्हणाले.

"पहिल्या झटक्यात पास," मी म्हटलं. "तुमच्यासारखी दोनदा बसून नाही."

दोघंही हसलो. मग ह्यांची नजर पलंगावरच्या रिकाम्या गादीवर गेली आणि हसू मधेच थांबलं.

९ एप्रिल, गुरुवार

आता सगळं पाण्यावर अडलं आहे. पुसून झाल्यावर फरशी किती वेळात सुकते, ह्याचा ह्यांनी ध्यास घेतला आहे. बादलीच्या तोंडावर दोन लाकडी पट्ट्या ठोकल्या, मधे फट. फटीत पट्टी उभी घालून वर ओढली की टॉवेल पिळला जातो. मग पलंगाखाली पुसायचं, आणि मग उकिडवं बसून बघत राहायचं. वर्तमानपत्राचा कागद दाबून बघतात, ओल उमटते का. तळहात ठेवून बघतात. काल गाल टेकवून बघितला. मला वाटलं चक्कर आली.

घड्याळ बंद पडलंय भिंतीवरचं, सेल आणले नाहीत. म्हणून मी म्हटलं, माझ्याकडे माळ आहे की. एकशे आठ मणी, सरळ चालीने सात मिनिटं, एकतीस वर्षांत अर्ध्या मिनिटाचा फरक नाही. दाराशी पाटावर बसून मी जप करते, हे फरशी बघतात. देवाचंही होतं, कामाचंही.

जपाची माळ सासूबाईंची वापरते. माझी स्वतःची त्या दिवसापासून देवाजवळ तशीच ठेवली आहे. नववी माळ निम्मी झाली होती तेव्हा धप्प आवाज आला आणि मी उठले. त्या मण्याला दोरा बांधून ठेवलाय. अडीच माळा राहिल्या त्या राहिल्याच. पुऱ्या करायला बसले की आवाज ऐकू येतो.

आजचे आकडे: पंखा बंद, दार लोटलेलं, टॉवेल एकदा पिळून: पावणेदोन माळा. दोनदा पिळून: सव्वा. ह्यांना एकीच्या आत हवं आहे.

१४ एप्रिल, मंगळवार

आज अक्षर बघू नये, घाईघाईने लिहितेय.

ह्यांनी म्हटलं, तुलना करायला एकदा तुझ्या पद्धतीने पूस, हाताने, नेहमीसारखं. पलंगासमोरची जागा पुसली, गुडघ्यांनी रामराम म्हटलं, आणि माळ घेऊन बसले. दोन माळा पुऱ्या, तिसरी निम्मी. फरशी कोरडी ठणठणीत. जानेवारीत गारवा असतो, धरा तीन. अगदी धरा चार.

त्या दिवशी मी फरशी पुसली, अंघोळ केली, मग बसले. साडेआठ माळा झाल्यावर आवाज आला.

साडेआठ.

पुन्हा पुन्हा मोजलं. इतके दिवस हा साधा हिशेब मांडला नाही, कारण सासूबाई म्हणाल्या ते म्हणाल्या, त्यापुढे हिशेब कसला. पण माळ खोटी नाही. माझं पाणी केव्हाच सुकलं होतं.

मग पाणी आलं कुठून? दुपारभर विचार केला आणि सापडलं. तांब्या! सासूबाईंच्या उशाशी पाण्याचा तांब्या असायचा. उतरताना हात लागून लवंडला असणार. त्यांना कळलं नाही, ओलं लागलं म्हणून सुनेचं नाव घेतलं. खोटं बोलल्या नाहीत, चुकल्या. देवा, किती सोपं होतं.

धावत जाऊन ह्यांना सांगितलं. माळा, गारवा, तांब्या, सगळं. वाटलं, आता तरी म्हणतील, "बघ, तुझी चूक नव्हतीच."

हे दांड्याला पॉलिशपेपर मारत होते. थांबले. माझ्याकडे असं पाहिलं की... कसं लिहू. जसं एखाद्याला पत्ता विचारावा आणि तो रडू लागावा. मग म्हणाले, "साडेआठ?"

"साडेआठ."

"बरोबर आहे तुझं," म्हणाले, आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. दिवेलागणीपर्यंत उघडलं नाही. आईची आठवण झाली असेल. मीच वेंधळी, आनंदाच्या भरात त्यांच्या दुःखावर पाय दिला.

२१ एप्रिल, मंगळवार

फक्त पाऊण माळ! टॉवेलऐवजी मी जुन्या चादरीच्या चार घड्या शिवून गवसणी केली, कडेला नाडी. पाणी कमी पितं आणि सगळीकडे सारखं सोडतं. पाऊण माळेत फरशी कोरडी.

लेथवाल्याने कोणाला तरी सांगितलं वाटतं. बाजारातला हार्डवेअरवाला घरी आला होता, "दोन डझन करून द्या काका, हातोहात जातील." हे म्हणाले, "एकच करायचं होतं."

"पण कल्पना झकास आहे. सुचली कशी?"

"उशिरा," हे म्हणाले.

२६ एप्रिल, रविवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर मलाच उद्या खरं वाटणार नाही.

चारच्या सुमाराला वन्सं आल्या. आईच्या पेटीतल्या साड्या बघायच्या होत्या. खोलीत भिंतीला पुसणं टेकवलेलं. हातात घेतलं, मान वळवून पाहिली, आणि म्हणाल्या, "वा. छान आहे. आई होती तेव्हा नाही सुचलं वहिनीला."

"मी नाही, ह्यांनी केलंय," मी म्हटलं.

"दादानं करावंच लागलं असणार. बायको फरशा ओल्या ठेवते म्हटल्यावर."

एरवी मी गप्प बसले असते. पण माझ्याकडे आता साडेआठ माळा होत्या. मी सगळं सांगितलं.

"माळा मोजून न्याय करायला निघालीस होय वहिनी? आई काय म्हणाली ते सगळ्यांनी ऐकलंय."

"आई चुकल्या, वन्सं. तांब्या लवंडला असेल."

वन्सं पेटीवर बसल्या. आवाज उतरला त्यांचा. "वहिनी, त्या दिवशी तुमचा निरोप येताच बाहेरची पहिली मीच पोचले. तांब्या उशाशी होता, झाकण लावलेला, काठोकाठ. त्यातलंच पाणी मी आईच्या ओठांना लावलं. तांब्या नाही लवंडला."

माझ्या पायाखालची फरशीच गेली. साडेआठ माळा आणि भरलेला तांब्या. दोन्ही खरं. मग काय उरतं? माझी कुठेतरी चूक असणार. मोजण्यात असेल. म्हटलं, "मग माझ्याच हातून राहिली असेल ओली. काय सांगावं."

"नाही राहिली," हे म्हणाले.

दारात उभे होते. पायात चप्पल नव्हती.

"मी पुसली होती," म्हणाले. "पलंगाखाली. रोजच पुसायचो, गेल्या जुलैपासून. ही माळ घेऊन डोळे मिटून बसली की काठीला फडकं बांधून मारायचो. हिचे गुडघे गेलेत हे काय मला दिसत नव्हतं? आई पलंगावर बसून हसायची, म्हणायची, बायकोचा बैल. मीच तिला म्हटलं होतं, हिला सांगू नकोस, हिला लाज वाटेल. त्या दिवशी काठीला पाणी जास्त राहिलं. फडकं पिळायला मोरीत गेलो, म्हटलं येऊन कोरडं मारतो. तेवढ्यात ती उतरली."

वन्संनी हातातलं पुसणं भिंतीला टेकवलं. मग वन्सं म्हणाल्या, "पण आई तर म्हणाली..."

"माझा हात धरून म्हणाली. दाबत होती. मला सोडवून घेता आला असता. नाही घेतला."

"म्हणजे आई मरताना खोटं बोलली."

"माझ्यासाठी."

"आणि तू जगताना," वन्सं म्हणाल्या. उठल्या. साड्या तशाच टाकल्या. जाताना माझ्यापाशी थांबल्या, हात पुढे केला, पण काय करायचं ते ठरेना म्हणून माझा पदर नुसता नीट केला आणि गेल्या.

२७ एप्रिल, सोमवार

राग आला आहे. हा राग आजच लिहून ठेवते, कारण माझा स्वभाव मला माहीत आहे, आठ दिवसांत मीच त्याला पांघरूण घालीन.

साडेतीन महिने. शेजारणी घरात येताना फरशीकडे बघून पाय टाकायच्या. मी मान खाली घालायचे. हे बघत होते. मी जेवताना रडले ते बघितलं. एक वाक्य मागत होते मी, आणि ह्यांनी मला बिजागऱ्या दिल्या.

हे सकाळी म्हणाले, "अगं, काहीतरी बोल."

मी म्हटलं, "आता कळलं कसं वाटतं ते."

३० एप्रिल, गुरुवार

आणखी एक टोचतंय, ते देवालाच सांगायचं आहे, पण त्याच्याशीच तर आहे. सात महिने रोज हात जोडले, की माझ्या तीन जादा माळांनी सासूबाई निवळल्या. निवळल्या कुठल्या! त्यांचा लेक पलंगाखाली वाकलेला दिसत होता, म्हणून गालात हसत होत्या. ते हसू मी नामाच्या खात्यात जमा केलं.

आणि मी तीन माळा वाढवल्या नसत्या, तर त्या दिवशी धप्प आवाज यायच्या आधीच उठले नसते का? कधीच उठून त्या खोलीत गेले असते. ओलं दिसलं असतं. कोरडं केलं असतं.

हे ह्यांना सांगणार नाही. एकाच्या मनावर आहे तेवढं ओझं या घराला पुरे.

३ मे, रविवार

हे जेवायला बसतात आणि उठतात. गॅलरीतली हत्यारं आवरून पेटीत भरली. पुसणं पुन्हा भिंतीला टेकवलंय. आठवडाभर कोणी हात लावला नाही. पलंगाखाली धूळ दिसते. मी गुडघ्यावर बसून बाकीची फरशी पुसते, हाताने. मुद्दाम. हे बघतात.

गुडघ्यांची बातमी ठीक नाही.

९ मे, शनिवार

आज सकाळी पुसणं घेतलं. रागाने नाही, आणि क्षमा म्हणूनही नाही. पलंगाखाली मुंग्या लागल्या होत्या. बादली भरली, फटीतून दोनदा ओढलं. दांडा आडवा केला. मनगट जरा वळवलं तर मान वळली. पहिल्या पायाला वळसा, भिंतीची कड, दुसरा पाय, परत. दीड वर्षात मी पहिल्यांदा तिथे पोचले होते, आणि उभ्याने. गुडघ्यांना पत्ताही लागला नाही.

मागे वळले तर हे उंबऱ्यावर बसलेले. त्यांच्या हातात माळ. सासूबाईंची नव्हे, माझी. दोरा बांधलेली. ह्यांनी उभ्या जन्मात कधी माळ धरली नाही, दोन बोटांत धरतात तशी नव्हे तर बोल्ट तपासावा तशी धरली होती.

"राहिल्यात ना अडीच?" म्हणाले. "कुठलं नाव घेऊ?"

"जे येईल ते घ्या," मी म्हटलं, आणि शेजारी जाऊन बसले. जागा अरुंद, खांदे लागले. लागू दिले.

दोऱ्यापासून सुरुवात केली. एकेक मणी ओढताना ओठ हलत होते. आधी वाटलं देवाचं नाव आहे. मग नीट ऐकलं. "आई" एवढंच होतं. आई, आई, आई. मी टोकलं नाही. नाव चुकीचं असलं तरी मणी खोटा पडत नसावा.

ती निम्मी माळ संपता संपताच फरशी सुकत आली होती. दिसत होतं दोघांनाही. तरी हे थांबले नाहीत, आणि मीही उठले नाही. पुढच्या दोन माळा ह्यांनी पुऱ्या केल्या. मेरुमण्याला हात लागला तसे थांबले, आणि फरशीकडेच बघत म्हणाले, "तुझी चूक नव्हती."

मग उठले, अनवाणी खोलीत गेले, आणि पलंगापाशी, सासूबाई पडल्या त्या जागी, उभे राहिले. मी बघत होते. पाय घट्ट होता.

माळेचा दोरा मी सोडला. चांगला आहे दोरा. डब्यात ठेवला.